सत्याला सोबत हवी

शास्त्रवाचन : उपदेशक ४:९-१२, २ तीमथ्य ४:९-१८



प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस न्यायालयातील एक दृश्य आहे. पहिल्या जबाबाच्या वेळी आपल्या बाजूस कोणीही उभे राहिले नाही, सर्वांनी आपल्याला सोडले, असे वृद्ध पौल सांगतो. तो शाप देत नाही. हा दोष त्यांच्याकडे मोजला जाऊ नये, अशी प्रार्थना करतो. या प्रार्थनेकडे नीट पाहावे. जो दोषच नाही, तो मोजू नये असे कोणी मागत नाही. सत्याची साक्ष देणाऱ्याला एकटे सोडणे हा देवाच्या दृष्टीने दोष आहे, हे पौलाच्या क्षमेतूनच उघड होते.

पुढे तो म्हणतो की, प्रभू मात्र आपल्याजवळ उभा राहिला. पण त्याच पत्रात तो तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो, मार्काला बरोबर आणण्यास सांगतो आणि केवळ लूक आपल्याजवळ असल्याचे कळवतो. प्रभू जवळ असतानाही पौलाला माणसांची सोबत हवी होती. ती मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

विसाव्या शतकातील एक सत्यघटना या वचनाच्या प्रकाशात पाहू. इटलीतील मिलान शहरी जॉर्जो आंब्रोझोली नावाचे वकील राहत असत. पत्नी, तीन मुले, वकिलीचा व्यवसाय असा त्यांचा मध्यमवर्गीय संसार होता. सप्टेंबर १९७४ मध्ये मिकेले सिंदोना या धनाढ्य सावकाराची ‘बांका प्रिवाता इतालियाना’ ही बँक बुडाली. तिचे हिशेब तपासून मिटवण्यासाठी अवसायक म्हणून आंब्रोझोली यांची नेमणूक झाली.

सिंदोना साधासुधा माणूस नव्हता. राजकारण्यांत त्याची ऊठबस होती. गुन्हेगारी टोळ्यांशी त्याचे धागे जुळले होते. आणि आपण ख्रिस्ती जनांनी मान खाली घालून लक्षात ठेवावे असे हे की, व्हॅटिकनच्या आर्थिक व्यवहारांतही त्याला विश्वासाचे स्थान मिळाले होते. अमेरिकेतील फ्रँकलिन नॅशनल बँक ही मोठी बँकही त्याच्या हाती होती. तीही ऑक्टोबर १९७४ मध्ये कोसळली.

आंब्रोझोली कागद वाचू लागले. परदेशातील कंपन्यांच्या जाळ्यातून ठेवीदारांचा पैसा कसा फिरवला गेला, हे एकेका नोंदीवरून उलगडू लागले. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी पत्नीसाठी एक पत्र लिहून ठेवले. या कामाची किंमत जबर असेल हे आपल्याला आरंभापासून ठाऊक होते, तरी देशासाठी काही करण्याची ही संधी असल्याने आपली तक्रार नाही, असा त्याचा आशय होता. काहीही घडले तरी, ज्या मूल्यांवर आपण दोघांनी विश्वास ठेवला त्यांना धरूनच मुलांना वाढव, असेही त्यांनी पत्नीला सांगितले होते.

या कामात त्यांना एक सोबती लाभला. आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ‘ग्वार्दिआ दि फिनान्झा’ या पोलीस दलातील सिल्व्हिओ नोव्हेंब्रे हे ते गृहस्थ. त्यांचा हुद्दा मोठा नव्हता. आरंभी आंब्रोझोली यांना या पोलिसाविषयी शंकाच होती. जिथे कोण कोणाचा माणूस आहे हे कळत नाही, तिथे शंका येणारच. परंतु दिवसामागून दिवस एकाच टेबलावर कागद चाळता चाळता विश्वास जडला आणि मैत्री झाली. वरून दडपण आले तरी नोव्हेंब्रे हटले नाहीत. शासनाने आंब्रोझोली यांना संरक्षण दिले नाही, तेव्हा हा मित्र आपण होऊन त्यांच्यासोबत फिरू लागला.

पडलेल्याला उचलणारा नसेल तर त्याची केवढी दुर्दशा, असे उपदेशकाचा कर्ता सांगतो, ते इथे आठवते. एक जण कायदा जाणणारा, दुसरा तपास जाणणारा. बड्या लोकांच्या मेजवानीत दोघांपैकी कोणालाही पान मांडलेले नव्हते. पण ते दोघे होते.

१९७८ च्या अखेरीस व १९७९ च्या आरंभी आंब्रोझोली यांना दूरध्वनीवरून मृत्यूच्या धमक्या येऊ लागल्या. त्यांनी त्या ध्वनिमुद्रित केल्या आणि काम चालू ठेवले. दडपण त्यांच्यापुरतेच नव्हते. मार्च १९७९ मध्ये बँक ऑफ इटलीचे वरिष्ठ अधिकारी मारिओ सार्चिनेल्ली यांना अटक झाली व गव्हर्नर पाओलो बाफी यांच्यावरही आरोप ठेवण्यात आले. पुढे दोघेही पूर्णतः निर्दोष ठरले. पण प्रामाणिक माणसांना काय भोगावे लागते, हे तोवर साऱ्या देशाने पाहिले होते.

जुलै १९७९ मध्ये अमेरिकन न्यायालयासाठी आंब्रोझोली यांची साक्ष मिलानमध्ये नोंदवली गेली. तिच्यावर स्वाक्षरी व्हायची तेवढी उरली होती. ११ जुलैच्या रात्री मित्रांना सोडून ते एकटेच घरी परतले. दाराशी एका अनोळखी माणसाने नाव विचारून ओळख पटवली, क्षमा मागितली आणि गोळ्या झाडल्या. तो सिंदोनाने अमेरिकेतून धाडलेला भाडोत्री मारेकरी होता. आंब्रोझोली तेव्हा ४५ वर्षांचे होते. त्यांच्या अंत्यविधीला बँक ऑफ इटलीचे प्रतिनिधी आले. सरकारचा एकही मंत्री आला नाही.

साक्ष मात्र मेली नाही. कागद बोलत राहिले. १९८० मध्ये अमेरिकेत सिंदोनाला २५ वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९८६ मध्ये इटलीच्या न्यायालयाने आंब्रोझोली यांच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप सुनावली, आणि थोड्याच दिवसांत तुरुंगात सायनाइड मिसळलेली कॉफी पिऊन तो मरण पावला. पुढे कोर्रादो स्तायानो यांनी १९९१ मध्ये या वकिलाची कथा लिहिली आणि १९९५ मध्ये मिकेले प्लाचिदो यांनी तिच्यावर चित्रपट काढला. न्यायालय, धमक्या, खून यांमुळे तो श्वास रोखून पाहिला जातो. पण त्याचा गाभा एक वकील व एक पोलीस यांची मैत्री हाच आहे.

बंधुभगिनींनो, या कथेत आपण कोठे उभे आहोत? आपल्यापैकी फार थोड्यांवर सिंदोना होण्याची वेळ येईल. आंब्रोझोली होण्याचा प्रसंगही विरळाच. परंतु अंत्यविधीला न आलेल्यांच्या रांगेत उभे राहणे फार सोपे आहे. २०१० मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान जूल्यो आंद्रेओत्ती एका मुलाखतीत आंब्रोझोली यांच्याविषयी अशा अर्थाचे बोलले की, त्या माणसाने ते स्वतःवर ओढवून घेतले. देशभर संताप उसळल्यावर त्यांनी सारवासारव केली. पण हेच वाक्य आपण आपल्या घरांत किती वेळा उच्चारतो! लाच न घेणाऱ्या कारकुनाची आडगावी बदली होते, तेव्हा आपण म्हणतो, “जरा जुळवून घ्यायला काय झाले होते?” खोट्या पावतीवर सही न करणाऱ्या शिक्षिकेला आपण हट्टी ठरवतो. मंडळीच्या जमिनीचा किंवा निधीचा हिशेब मागणाऱ्या सभासदाला भांडखोर म्हणतो. रविवारी त्याच्याशेजारी बसणेही टाळतो.

लाच डोळसांना आंधळे करते, असा इशारा निर्गम २३:८ मध्ये आहे. पण भीतीही आंधळे करते. आपला बंधू एकटा पडलेला आपल्याला दिसत नाही, कारण दिसल्यास त्याच्याजवळ जावे लागेल.

पौलाने याविषयी मंडळीला व्यवहाराचा धडाही घालून दिला आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोहोचवताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवला. केवळ प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आपण करतो, असा त्याचा खुलासा आहे (२ करिंथ ८:१८-२१). पैशाजवळ एकट्याला ठेवू नये आणि सत्याजवळही एकट्याला ठेवू नये. ज्या मंडळीत हिशेब दोघांच्या डोळ्यांखालून जातो, तिथे सिंदोनासारख्यांना विश्वासाची खुर्ची सहज मिळत नाही.

मग आपण काय करावे? रानात लपलेल्या दाविदाकडे योनाथान गेला. त्याने सैन्य नेले नाही. दाविदाला देवाच्या ठायी धीर दिला (१ शमुवेल २३:१६). एवढे तर आपल्याला करता येईल. आपल्या मंडळीत जो प्रामाणिकपणामुळे अडचणीत आला आहे, त्याच्या घरी या आठवड्यात जावे. खटल्याच्या तारखेला त्याच्याबरोबर न्यायालयाच्या बाकावर बसावे. वकील असाल तर त्याचे कागद पाहावेत, पोलीस असाल तर त्याची तक्रार नोंदवून घ्यावी. पाळकांनी प्रार्थनेत त्याचे नाव घ्यावे. दबल्या आवाजात नव्हे, सर्वांना ऐकू जाईल असे.

प्रभू येशूला अटक झाली त्या रात्री त्याचे शिष्य त्याला सोडून पळाले. त्या एकटेपणाचे दुःख त्याने सोसले आहे. म्हणून कोणत्याही प्रामाणिक साक्षीदाराजवळ तो आपल्याआधी उभा असतो. तिथे पोहोचायला आपण उशीर करू नये.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू पित्या, ज्यांना आम्ही एकटे सोडले त्यांच्याविषयीचा दोष आमच्याकडे मोजू नकोस. आमची भीती दूर कर आणि सत्यासाठी सोसणाऱ्या तुझ्या लेकरांच्या बाजूस आम्हांला उभे कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.