करुणेची बेगमी

रुग्णसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतात, परिचारिका येते, रुग्णाच्या उशाशी रात्र काढणारी आई येते. औषधभांडारातला कारकून मात्र कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. खोकी मोजणारा, नोंदवहीत आवक-जावक लिहिणारा, गाडी कधी निघाली म्हणून दूरध्वनी करणारा तो माणूस. त्याच्या कामाला आपण व्यवस्था म्हणतो आणि डॉक्टरांच्या कामाला सेवा. ही विभागणी कितपत खरी आहे? औषध वेळेवर पोहोचविणे हा केवळ कार्यक्षमतेचा भाग आहे, की तो नीतीचाही प्रश्न आहे? आम्ही हा प्रश्न महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे पाहून विचारीत आहोत, कारण व्यवस्थेचे खरे रूप तिच्या शेवटच्या टोकालाच दिसते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा मुलूख. त्याचा दोन-तृतीयांश भाग जंगलाने झाकलेला. २०११ च्या जनगणनेत येथे पावणेअकरा लाखांच्या आत माणसे मोजली गेली. थोडी माणसे आणि लांबलचक वाटा, असे हे गणित आहे. आलापल्लीहून जंगलातून सुमारे ६५ किलोमीटर गेल्यावर भामरागड लागते. तेथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात नदी चढली की या भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटावा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आणि पावसाळा हाच तर भातरोवणीचा, चिखलात अनवाणी उभे राहण्याचा आणि म्हणून सर्पदंशाचा काळ!

सर्पदंशावरील औषध कसे तयार होते, हे पाहिले तर आपण थक्क होतो. चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या लोकांची एक सहकारी संस्था १९७८ पासून काम करते. हे लोक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडतात, त्यांचे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडून देतात. ते विष अगदी अल्प, पण हळूहळू वाढत्या मात्रेत घोड्याला टोचले जाते. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी झुंजणारी द्रव्ये निर्माण होतात. ती शुद्ध करून कुपीत भरली जातात. हाफकिनसारख्या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. मग ती कुपी कारखान्यातून मोठ्या भांडारात, तेथून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला आणि अखेर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात जाते. आदिवासी बांधवाच्या हातून निघालेली गोष्ट कित्येक हातांतून फिरून दुसऱ्या आदिवासी बांधवाच्या शिरेपर्यंत पोहोचते. या साखळीतील एकेक हात उपचार करणाराच नव्हे काय?

परंतु येथेच एक खरा पेच उभा राहतो. विषारी दंश झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारणतः दहा कुप्या लागतात, आणि पुढेही लागू शकतात. म्हणजे दूरच्या लहान केंद्रात एक-दोन कुप्या ठेवणे हे नसल्यातच जमा. निदान दोन-तीन रुग्णांना पुरतील एवढ्या ठेवाव्यात, तर एखाद्या वर्षी तेथे दंशाचे रुग्ण कमी येतात आणि कुप्यांची मुदत संपते. लेखापरीक्षक येतो, मुदतबाह्य औषधांची यादी करतो आणि विचारतो : हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय नव्हे काय? कारकून घाबरतो. पुढच्या वर्षी मागणीच कमी लिहितो. नेमक्या त्याच वर्षी, पूर आलेल्या रात्री, खाटेवर घालून कोणाला तरी आणले जाते.

या दोन घटनांतील फरक नीट पाहावा. मुदत संपलेल्या कुपीची नोंद होते. तिला क्रमांक असतो, किंमत असते. पण जी कुपी तेथे नव्हती आणि म्हणून जो माणूस गेला, त्याची नोंद भांडाराच्या कोणत्याही वहीत होत नाही. त्याच्या मृत्यूचे कारण सर्पदंश असेच लिहिले जाते. आपली हिशेबाची पद्धत अशी आहे की अधिक साठा हा दोष दिसतो आणि रिकामे कपाट ही काटकसर दिसते. प्रामाणिक माणसालाही ही वही हळूहळू निष्ठुर बनवते, असे आम्हांला वाटते.

मग न वापरलेली कुपी वाया गेली, असे म्हणावे काय? आपल्या आयाबहिणींना विचारून पाहा. मृग लागण्यापूर्वी घरात मीठ-मिरची, तांदूळ, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी होत असे. आश्विनात थोडे मीठ उरले, तर कोणी गृहिणीला उधळी म्हणत नसे. त्या उरलेल्या मिठाने चार महिने घराला निर्धास्त ठेवलेले असे. तेच त्याचे काम होते. सर्पदंशाची कुपीदेखील केवळ टोचल्यावर उपयोगी पडते असे नाही. ती कपाटात असते तेव्हाही पहारा देत असते. पहारेकऱ्याच्या रात्री चोर आला नाही, म्हणून त्याचा पगार वाया गेला असे आपण म्हणत नाही. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात कित्येक महिने वाट बंद असे. अशा ठिकाणी बेगमी हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुबळा नाही. साधने मर्यादित आहेत. येथे पडून राहिलेली कुपी दुसरीकडे कोणाचा प्राण वाचवू शकली असती, त्याचे काय? हा आक्षेप आम्ही मान्य करतो. परंतु त्याचे उत्तर दूरचे कपाट रिकामे ठेवणे हे नव्हे. मुदत संपण्यास काही महिने असतानाच ती कुपी चंद्रपूर-नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात, जेथे ती लगेच वापरली जाईल, तेथे हलवावी आणि तिच्या जागी नवी पाठवावी. त्यासाठी कोठे काय आहे व कधी संपणार आहे, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, औषधांचे नमुने वाटपापूर्वी प्रयोगशाळेत तपासले आणि प्रत्येक रुग्णालयाला खातेपुस्तक देऊन आपल्या गरजेप्रमाणे औषध उचलण्याची मोकळीक दिली. पुढे केरळ, राजस्थान यांनीही तीच वाट धरली. म्हणजे अपव्यय की टंचाई, असा आपल्यापुढचा पर्याय पुष्कळदा खोटा असतो. आपण लक्ष देत नाही, म्हणून तो खरा भासतो.

दुसरी गोष्ट न्यायाची. प्रत्येक केंद्राला सारखा वाटा, हा न्याय वाटतो खरा. परंतु शहराजवळच्या केंद्रातील औषध संपले, तर तासाभरात दुसरे आणता येते. नदीपलीकडच्या केंद्राला ती सोय नाही. दोघांना सारखे देणे म्हणजे दूरच्याला कमी देणे होय. जो जितका दूर, त्याच्या कपाटात तितके अधिक. हीच खरी समता.

तिसरी गोष्ट दर्जाची. कपाट भरलेले असूनही रिकामे असू शकते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे ऑक्सिटोसिन हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. वीज गेली, शीतपेटी बंद राहिली, किंवा खोके दुपारभर गाडीत पडून राहिले, तर औषधाची शक्ती घटते. आणि डोळ्यांना मात्र काहीच कळत नाही. परिचारिका विश्वासाने इंजेक्शन देते, बाळंतीण विश्वासाने घेते. त्या दोघींचा विश्वास तिसऱ्याच कोणाच्या तरी निष्काळजीपणावर उभा असतो.

पण तो तिसरा कोण? येथे नीतीचा सर्वांत अवघड प्रश्न येतो. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढे मात्र दिसते की साखळी लांब असली म्हणजे प्रत्येक कडी शेजारच्या कडीकडे बोट दाखवू शकते. निविदा उशिरा निघाली, देयक थकले, गाडी मिळाली नाही. कोणीही कोणाला मारलेले नसते आणि तरीही माणूस मरतो. आपण प्रायश्चित्ताच्या वेळी केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ती कबुली स्वाक्षरीविना टेबलावर पडून राहिलेल्या मागणीपत्रालाही लागू आहे. जबाबदारी दहा जणांत वाटली, म्हणून ती प्रत्येकाची दहावा भाग होत नाही. साखळीत प्रत्येक कडी पूर्ण भार उचलते.

आशेची गोष्टही याच मातीत घडली आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. वजनकाटा, तापमापक, बाळाला उबेत ठेवणारी पिशवी, श्वास देण्याचे साधन आणि जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन त्यांच्या हाती दिले. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून अशा गृहभेटींचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे आले. या यशात शिक्षण होते, माया होती. पण औषध बाळाच्या आधी घरापाशी पोहोचलेले होते, हेही विसरू नये.

भल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला कळवळा आला, हे आपल्या ध्यानात राहते. त्याच्यापाशी तेल आणि द्राक्षारस होता, हे मात्र सहसा राहत नाही. तो प्रवासाला निघताना कोणी तरी ते भरून घेतले होते. म्हणूनच वाटेवर कळवळ्याला हात फुटले. आपल्या घराघरांतून परिचारिका झालेल्या मुली आहेत, दवाखान्यांना देणग्या देणारी कुटुंबे आहेत. देणगी देताना नव्या इमारतीवरच्या पाटीबरोबर जुन्या दवाखान्याच्या कपाटाचीही चौकशी आपण करावी : कोणती औषधे संपली आहेत, कोणती संपत आली आहेत, वीज गेली तर शीतपेटीचे काय होते? हे प्रश्न रुक्ष आहेत. पण पूर आलेल्या रात्री नदीपलीकडच्या माणसाला आपली दया पोहोचायची असेल, तर ती पाऊस लागण्यापूर्वीच तेथे जाऊन बसलेली असली पाहिजे.