चेहरा नसलेली बाई

टॉम आणि जेरी यांची व्यंगचित्रे आपण मुलाबाळांसमवेत पाहिली असतील. मांजर उंदरामागे धावते, कपबश्या फुटतात आणि मग दारात दोन पाय येऊन उभे राहतात. पायांत सपाता, वर झगा व एप्रन, हातात झाडू. ही त्या घरात वावरणारी कृष्णवर्णीय बाई. तिचा चेहरा आपणांस आठवतो काय? आठवणार नाही, कारण तो जवळजवळ कधी दाखविलाच नाही. ‘मॅमी टू शूज’ या नावाने ती ओळखली जाते, नावातदेखील पादत्राणेच!

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या १९४० सालच्या पहिल्याच चित्रापासून ती आहे. सारे दृश्य मांजराच्या उंचीवरून दिसते, म्हणून चेहरा नाही, असे कोणी म्हणेल. हे मलाही काही काळ पटले होते. परंतु १९५६ च्या ‘बिझी बडीज’मध्ये बाळ सांभाळावयास आलेली गोरी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत दिसते. तेव्हा मांजराची उंची कोठे गेली?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी अशा चित्रणास हरकत घेतली, आणि ती रास्तच होती. एखाद्या समाजातील स्त्री पडद्यावर यावी ती बहुधा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातच, हे कोणी किती काळ सोसावे? १९५२ नंतर नव्या चित्रांत ती दिसेनाशी झाली. पुढे १९६० च्या दशकात दूरदर्शनसाठी जुनी चित्रेही दुरुस्त करण्यात आली. काही ठिकाणी तिच्या जागी गोरी स्त्री रेखाटली गेली व आवाजही बदलला.

येथे माझे मन अडखळते. तो मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. त्या काळी चित्रपटसृष्टीत तिच्यासारखीला जी मोजकी कामे मिळत, त्यांतले हे एक. कल्पनेतल्या बाईचा अपमान पुसताना खऱ्या बाईचे श्रमही पुसले गेले. मग ही भरपाई कोणाला मिळाली? पाहणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची अडचण तेवढी दूर झाली, असे मला वाटते.

तरीही ‘जसे आहे तसे दाखवा’ एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. स्फोटानंतर मांजराचे तोंड काळे होऊन ते कृष्णवर्णीयांची नक्कल दिसावी, या विनोदाला मूल निरागसपणे हसते. ज्याची नक्कल होते तो हसत नाही. २००५ साली हा संच पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा हूपी गोल्डबर्ग यांनी प्रारंभी ही चित्रे न कापता का ठेवली ते सांगितले. तो मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात चूक झाकलेली नाही आणि बाईही हरवलेली नाही.

आपल्या घरी पुन्हा ते दोन पाय दारात आले, तर क्षणभर चित्र थांबवावे आणि शेजारी बसलेल्या मुलाला विचारावे, ‘ही बाई कोण असेल रे? काम आटोपल्यावर ती कोठे जात असेल?’