देवकीचे सहा पुत्र

श्रीदत्तात्रेयप्रभूंचे भिक्षास्थान म्हणून कोल्हापूर भिक्षुक-वासनिकांस पूज्य आहे. त्या नगरीत झोळी घेऊन निघालेल्या भिक्षुकास एखाद्या दारी 'महाराज, सुतक आहे' असे उत्तर मिळाले, आणि बाळ चार दिवसांचे होऊन गेले, किंवा मृतच जन्मले, असे कळले, तर त्याने काय बोलावे?

'विसरा, दुसरे होईल,' हे वाक्य प्रथम जिभेवर येते. भागवताच्या दशमस्कंधातील ८५ वा अध्याय त्यास आधार देत नाही. देवकीचे सहा पुत्र कंसाने मारिले. पुढे बलराम झाले; आठव्या वेळी तर प्रत्यक्ष परमेश्वर तिच्या उदरी अवतरले. याहून 'दुसरे' ते कोणते व्हावयाचे? द्वारकेत पणतू अनिरुद्धही वाढला होता. तरीही सांदीपनींचा मृत पुत्र श्रीकृष्णांनी परत आणिला हे ऐकिले, तेव्हा तिला ते सहाच आठवले आणि तिच्या डोळ्यांस पाणी आले. श्रीकृष्णचक्रवर्तींनी तिला मोहाबद्दल बोल लाविला नाही. सुतलातून ते सहा आणिले. तिला पान्हा फुटला, तिने त्यांस पाजिले. मग ते सर्वांदेखत गेले. मृतांचे हे येणे आणि जाणे पाहून ती विस्मित झाली.

दुसरे वाक्य 'पूर्वकर्म' हे. कर्म आहेच, परंतु कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोठे फळले, हे परमेश्वर जाणतो. ओल्या बाळंतिणीपुढे तो हिशेब मांडणारा भिक्षुक आपणांस सर्वज्ञ समजतो, आणि वाणीने हिंसा करितो.

स्मृतिकारांनी दोन वर्षांच्या आतील अपत्यास पुरावे, उदकदान करू नये, असे सांगितले. लोकांनी त्यावरून शोकही लहानच असावा असे मानिले. आपल्या शास्त्रात जीव अनादि आहे. त्यास चार दिवसांचे वा ऐंशी वर्षांचे वय नाही.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भटोबास विरहाने व्याकुळ झाले. पण त्यांस आठवावयास लीळा होत्या, व त्या आठवणींतूनच म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. या मातेजवळ आठवणही नाही. भरून आलेले स्तन आहेत, आणि शिवून ठेविलेले झबले.

तेव्हा भिक्षुकाने उंबऱ्याशी बसावे. बाळाचे नाव ठेविले होते काय, ते विचारावे, आणि ती सांगेल ते ऐकावे. जीवाविषयी तिनेच विचारिले, तर सांगावे. भिक्षा त्या दिवशी पुढच्या दारी मिळेल.