मडक्यातली चिठ्ठी

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. आजोबांचे वर्षश्राद्ध आटोपले आणि चारच दिवसांनी वडील व दोघे काका ओसरीवर बसले. समोर गावचे दोन वडीलधारे पंच. जमिनीचे तीन हिस्से थोरल्या काकांनी पाडले होते. तीन चिठ्ठ्या घडी घालून पितळेच्या तांब्यात टाकल्या होत्या. आणि त्या काढण्यासाठी मला हाक मारण्यात आली. विहिरीचे रान धाकट्या काकांकडे गेले, ज्यांनी नांगराच्या रुमण्याला फारसा कधी हात लावला नव्हता. वडिलांच्या वाट्याला माळाकडचा तुकडा आला. रात्री आईने एवढेच म्हटले, "पोराच्या हाताने आले ते आले." तीच वाटणी थोरल्या काकांनी आपल्या तोंडाने सांगितली असती, तर आमच्या दोन पिढ्यांनी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या, ह्यात मला शंका नाही. पेरणी आज करावी की उद्या, हे ज्या पोराला कोणी विचारले नसते, त्याच्या हाताचा निवाडा तीन शहाण्या माणसांनी निमूटपणे मान्य केला. तो त्यांनी का मान्य केला, हे कोडे तेव्हापासून माझ्या मनात आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी हाच प्रकार मी तालुक्याच्या गावी एका सभागृहात पाहिला. कोणत्या गावचे सरपंचपद स्त्रियांसाठी राखून ठेवायचे ह्याची सोडत होती. मंचावर अधिकारी, टेबलावर काचेची बरणी, आणि शाळेच्या गणवेषातली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी. ती चिठ्ठी काढी, अधिकारी ती मोठ्याने वाचीत, आणि सभागृहाच्या एका कोपऱ्यातून हर्षाचा व दुसऱ्यातून सुस्काऱ्याचा आवाज येई. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सरपंच होण्याची तीन वर्षे तयारी केली होती. गणपतीच्या वर्गण्या, लग्नांतले आहेर, दवाखान्यातल्या भेटी, सगळे यथासांग. त्यांचे गाव स्त्रियांकडे गेले. ते उठताना पुटपुटले, "चिठ्ठीने कुठे माणसाची लायकी कळते का?" मी मान हलवली. त्या वेळी मला त्यांचे म्हणणे पटले होते. आज पटत नाही. किंवा असे म्हणू या, की जितके पटते तितक्याने माझे समाधान होत नाही.

त्यांचा आक्षेप मात्र नवा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सॉक्रेटीस नेमके हेच म्हणत असे, असे त्याचा शिष्य झेनोफोन सांगतो. जहाजाचा सुकाणूवाला किंवा सुतार आपण दाणे टाकून नेमत नाही; मग राज्याचे अधिकारी तसे का नेमावेत? अथेन्सच्या लोकशाहीचा कणा आपल्या समजुतीप्रमाणे निवडणूक हा नव्हता. तो सोडत हा होता. तेथील पाचशेजणांची सभा दहा गणांतून प्रत्येकी पन्नास, अशी चिठ्ठीने भरली जाई, आणि कोणालाही जन्मात दोनदाहून अधिक वेळा तीत बसता येत नसे. निवडून दिले जात ते मुख्यतः सेनापती. कारण युद्ध हे कौशल्याचे काम, तेथे नशिबाची परीक्षा नको. अॅरिस्टॉटलने तर स्पष्टच लिहून ठेवले आहे, की अधिकारपदे चिठ्ठीने भरणे हे लोकशाहीचे लक्षण आणि मतांनी भरणे हे अल्पजनसत्तेचे. आपल्याला हे वाक्य उलटे वाटते. परंतु क्षणभर थांबून पाहावे. मत देताना आपण कोणाला देतो? जो ठळक दिसतो त्याला. घराण्याने, पैशाने, वक्तृत्वाने, निदान उंचीने आणि आवाजाने! निवडणूक विचारते, 'तुमच्यात श्रेष्ठ कोण?' आणि सोडत विचारते, 'आता पाळी कोणाची?' ह्या दोन प्रश्नांमागे माणसाविषयीच्या दोन निराळ्या श्रद्धा आहेत.

सॉक्रेटीसचे नशीबही मोठे चमत्कारिक. ज्या दाण्यांची तो थट्टा करी, त्यांनीच त्याला इ.स.पू. ४०६ मध्ये त्या पाचशेंच्या सभेत आणून बसवले. आर्गिनुसीच्या लढाईनंतर बुडालेल्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सेनापतींवर एकत्रित खटला भरून त्यांना मृत्युदंड द्यावा, असा गलका उठला होता. ते कायद्याविरुद्ध आहे असे म्हणून त्याने संमती नाकारली. सेनापती वाचले नाहीत ते नाहीतच. निवडणुकीला हा विक्षिप्त माणूस कधी उभा राहिला नसता, आणि राहिला असता तरी निवडून आला नसता. चिठ्ठीनेच त्याला ती एक वेळ दिली. पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये चिठ्ठीने बसलेल्या पंचांनीच त्याला विष पाजले, हेही विसरता येत नाही. चिठ्ठी शहाणपणाची हमी देत नाही. ती फक्त दार उघडे ठेवते. आत कोण येईल हे तिला ठाऊक नसते.

आपल्याकडेही मडके होते. तमिळनाडूत उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतीवर चोल राजा पहिला परांतक ह्याच्या कारकीर्दीतले, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले लेख आहेत. गावाचे तीस भाग. प्रत्येक भागातून पात्र माणसांची नावे ताडपत्रांवर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाकडून एक पान काढवायचे. त्या मुलाबद्दल वाचताना मला आमच्या ओसरीवरचा तांब्या आठवला. पण त्या लेखांत मला सर्वांत मोलाची वाटली ती अपात्रतेची यादी. जो पूर्वी समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव मडक्यात टाकायचे नाही. त्याच्या नातलगांचेही नाही. मागच्या तीन वर्षांत जो बसला, त्याचेही नाही. ह्या नियमांची अभिमानाने कथने होतात ती ठीकच. परंतु मडक्यात जाण्याची पहिली अट विसरून चालणार नाही: करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवे, वय पस्तीस ते सत्तर हवे, वेदाचे अध्ययन हवे. ते ब्राह्मणांना दिलेले अग्रहार गाव होते. जो त्या गावाची शेते नांगरीत होता त्याचे, किंवा कोणा स्त्रीचे, नाव कोणत्याही ताडपत्रावर नव्हते. अथेन्समध्ये तरी काय होते? स्त्रिया, गुलाम आणि परके बाहेर. म्हणजे न्याय मुलाच्या हातात नसतो. तो आधीच, मडक्यात नावे टाकताना, होऊन गेलेला असतो किंवा राहून गेलेला असतो.

मराठीत आपण मतदानाच्या निकालाला 'कौल' म्हणतो, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. कोकणातल्या देवळांत देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, ह्यावरून देवाची इच्छा ओळखतात. तोच शब्द आपण जनतेच्या इच्छेला लावला. जणू आपल्या भाषेला आतून माहीत आहे, की मतपेटीतही थोडी पाकळी असतेच. १९५१ चा आपला लोकप्रतिनिधित्व कायदा दोन उमेदवारांना समान मते पडल्यास चिठ्ठी टाकायला सांगतो. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात तशी वेळ आली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात विधानसभेची एक जागा एका वाडग्यातून काढलेल्या नावावर ठरली, आणि सभागृहात बहुमत कोणाचे हेही त्या जागेवर अवलंबून होते. लोक हसले. मला मात्र वाटते, की तेवढ्यापुरते सगळे अधिक प्रामाणिक झाले होते. एका मताने जिंकणारा म्हणतो, 'लोकांनी मला ओळखले.' चिठ्ठीने जिंकणाऱ्याला तसे म्हणता येत नाही.

अलीकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना सोडतीची पुन्हा ओढ लागली आहे, ती आयर्लंडमुळे. तेथे १९८३ पासून गर्भपाताला राज्यघटनेनेच जवळजवळ बंदी होती, आणि हा निखारा हातात धरायची राजकारण्यांची तयारी नव्हती. २०१६ साली सोडतीसारख्या पद्धतीने ९९ सामान्य नागरिक निवडण्यात आले; अध्यक्षस्थानी एक न्यायमूर्ती. शनिवार-रविवारी ते डब्लिनजवळच्या एका हॉटेलात जमत. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे लोक, स्वतः त्या प्रसंगातून गेलेल्या स्त्रिया, ह्यांचे ऐकत आणि लहान टेबलांभोवती बसून बोलत. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी बंदी उठवावी असे सुचवले. ही मंडळी जनतेच्या फार पुढे गेली, असे पुष्कळांना वाटले. २५ मे २०१८ रोजी सार्वमत झाले आणि ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले. परंतु ह्या कथेला दुसरा भागही आहे. पुढच्या एका नागरिक सभेच्या शिफारशींतून निघालेल्या, कुटुंब व शुश्रूषा ह्यांविषयीच्या दोन दुरुस्त्या ८ मार्च २०२४ रोजी लोकांनी मोठ्या फरकाने फेटाळल्या. सभेचे शब्द सरकारने वाटेत पातळ केले, अशीही तक्रार होती. माझ्या मते दोन्ही निकालांत व्यवस्था शाबूत होती: चिठ्ठीवाल्यांनी विचार करायचा, आणि सर्वांनी ठरवायचे.

आता आमच्या शेजारच्या गृहस्थांकडे परत येतो. आपल्या पंचायतींत सोडत माणूस निवडीत नाही. ती जागा निवडते, आणि त्या जागेवर माणूस मतांनी येतो. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. कोणते गाव राखीव होईल हे कोणाच्या मर्जीवर नसल्यामुळे अभ्यासकांना एक दुर्मीळ संधी मिळाली: राखीव आणि अराखीव गावे शेजारीशेजारी ठेवून तपासायची. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो ह्यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातल्या २६५ पंचायती पाहिल्या. जेथे स्त्री प्रमुख होती, तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झाले होते. आणि गावातल्या स्त्रियांच्या तक्रारीही मुख्यतः पाण्याच्याच होत्या. ज्यांना घागर वाहावी लागते त्यांनाच विहिरीचे अंतर ठाऊक असते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला, असे कोणी म्हणेल. पण दुफ्लोबाईंनी पेतिया तोपालोवा ह्यांच्यासमवेत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात जे आढळले ते अधिक बोचरे आहे. स्त्रीप्रमुख असलेल्या गावांत सोयी अधिक होत्या, लाच कमी द्यावी लागत होती, आणि तरीही गावकरी कमी समाधानी होते! लायकी डोळ्यांसमोर उभी होती. ती ओळखण्याची सवय नव्हती. 'चिठ्ठीने लायकी कळते का' ह्या प्रश्नाला मग उलटून विचारावे लागते, की मताने तरी कळते का?

सवय मात्र लागू शकते. रिखिल भावनानी ह्यांनी मुंबई महापालिकेचा अभ्यास केला. १९९७ साली जे प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते आणि २००२ साली खुले झाले, तेथे स्त्री निवडून येण्याची शक्यता पूर्वी राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. पाचपट म्हटले की कान टवकारतात. पण मूळ आकडाच इतका लहान होता की पाचपटीनंतरही बहुतेक ठिकाणी पुरुषच आले. आणि नैतिक प्रश्न मला येथेच बोचतो. चिठ्ठी फिरती असते. जिने पाच वर्षांत काम शिकून घेतले तिला, ते नीट येऊ लागले तेव्हाच, चिठ्ठी म्हणते, 'ऊठ, आता पाळी दुसऱ्याची.' पाळीचे तत्त्व न्याय्य आहे, हे मी वर आवेशाने सांगितलेच. परंतु माणूस हा तत्त्वाचा नमुना नसतो. थोरल्या काकांचा हिस्सा कायमचा होता; त्यांना कोणी दर पाच वर्षांनी रान बदलायला लावले नाही. फिरत्या चिठ्ठीने दार सर्वांसाठी उघडते हे खरे, आणि तेच दार आत असलेलीच्या पाठीवर बंद होते हेही खरे. तराजूत घालून ह्याचे उत्तर मला काढता आलेले नाही.

त्या सोडतीत स्त्रियांकडे गेलेल्या एका गावची बाई माझ्या ओळखीची आहे. पहिले वर्षभर तिच्या खुर्चीवर तिचा नवराच बसत असे. ती चहा पाठवी आणि सही करी. मग एका ग्रामसभेत नळाच्या कामाचे बिल तिने सही करण्याआधी वाचायला मागितले, आणि तेथून खुर्चीचा मालक हळूहळू बदलला. पाच वर्षांनी गाव खुले झाले. पॅनेलने तिच्या दिराला उभे केले. मी भेटायला गेलो तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडीत होती. वाईट वाटते का, असे विचारायचे माझ्या मनात होते. पण तिनेच हात झटकून आतून ट्रंकेतली एक लांब वही आणली.

"तात्या, शेवटच्या वर्षाचा हिशेब सभेत वाचायचा राहिला. कोणी मागितला नाही. पण पुढच्या ग्रामसभेत वाचू द्या म्हणून मी अर्ज दिलाय. तेवढी बेरीज बघून द्या."

मी चष्मा काढला आणि ओट्यावर बसलो. तिसऱ्या पानावर मोटारपंपाच्या दुरुस्तीचे चाळीस रुपये दोनदा धरले होते. ती म्हणाली, "बघा, म्हटलंच होतं," आणि कानामागची पेन्सिल काढून तिने तो आकडा खोडला.