पानावरील दाटी

थोडक्यात सांगणे हा आपल्याकडे फार पूर्वीपासून गुण मानला गेला आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी त्याची ख्याती आहे. परंतु ह्या ख्यातीची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत भाषा बसविली खरी. पण त्या सूत्रांवर वार्तिके, वार्तिकांवर महाभाष्य व महाभाष्यावर पुन्हा टीका, अशी जी परंपरा वाढली ती त्या बचतीवरील व्याजच होय. लिहिणाऱ्याने वाचविलेले श्रम कोणाला तरी करावेच लागतात. ते कोणी करावयाचे हा प्रश्न मला केवळ रचनेचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. आणि संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर काय दाखवावे, काय झाकावे, ह्याविषयी आज जो वाद चालतो त्याच्या बुडाशी हाच प्रश्न आहे.

एक पक्ष म्हणतो, पडदा मोकळा असावा: अक्षरे मोठी, भोवती भरपूर रिकामी जागा, एका वेळी एकच गोष्ट. दुसरा म्हणतो, जे लागते ते सारे एकदम डोळ्यांपुढे असावे. सध्या पहिल्या पक्षाचा वरचष्मा आहे, आणि जॉर्ज मिलर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ सालच्या निबंधाचा हवाला देऊन, सात गोष्टींपलीकडे मनुष्याचे मन पेलत नाही, असे तो पुष्कळदा सांगतो. पण मिलरचे विवेचन तात्कालिक स्मरणाविषयी होते. जे समोर लिहिलेलेच आहे ते स्मरणात ठेवण्याचे प्रयोजन काय? उलट एकामागून एक पाच पडदे उघडावयास लावले, म्हणजे मागच्या पडद्यावरील मजकूर लक्षात ठेवण्याचे ओझे खरोखर पडते.

मराठी घरांपुरता ह्या वादाचा एक निकाल पूर्वीच लागलेला आहे, आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असतो. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा ते विकत घेण्याची सोय झाली; वाचण्याची झाली नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण, त्यांच्या घटका व पळे, सारे आद्याक्षरांत आवळून एकेका ओळीत कोंबलेले. माहिती संपूर्ण होती, पण ती जोशीबुवांना. संकष्टीचा चंद्रोदय केव्हा, हे घरच्या बाईला विचारूनच कळावयाचे. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले. पंचांगातील सूक्ष्म गणित त्यांनी बरेचसे गाळले, हे खरे. परंतु पानावरची दाटी गाळली असे मुळीच नव्हे. निरनिराळ्या धर्मांचे सणवार आले. पाठीमागे लेख, पाककृती, राशिभविष्य आले. त्यांनी केले ते एवढेच की प्रत्येक गोष्टीला तिच्या योग्यतेप्रमाणे आकार व जागा दिली. तारीख ठळक, रविवार व सुट्टी तांबड्या शाईत, तिथी-नक्षत्र बारीक. दारातून पाहणाऱ्याला तारीख दिसते, जवळ जाणाऱ्याला तिथी, आणि चष्मा लावणाऱ्याला चंद्रोदय. इतक्या दाटीतही गृहिणी दुधाचा हिशेब व गॅसच्या टाकीची तारीख आपल्या हाताने भरतेच. पान दाट आहे म्हणून वाचणारा कंटाळला असता, तर त्याने त्यात आणखी भर घातली नसती.

मी अँटॉप हिलला राहतो. आमच्याकडे येणाऱ्यांनी वडाळा रोडला उतरावे किंवा गुरू तेगबहादूर नगरला. वडाळ्यापुढे हार्बरचा मार्ग दुभंगतो. एक फाटा किंग्ज सर्कलवरून माहीम-वांद्र्याकडे जातो, दुसरा गुरू तेगबहादूर नगरवरून कुर्ला-पनवेलकडे. ‘पुढची गाडी चार मिनिटांत’ एवढेच एखाद्या सुंदर पडद्याने सांगितले आणि गाडीचे शेवटचे स्थानक सौंदर्यासाठी झाकले, तर नवखा पाहुणा किंग्ज सर्कलला जाऊन उतरेल. वेळापत्रके, बसचे मार्ग, मेगाब्लॉकच्या सूचना असे सारे एके ठिकाणी देणारे ‘एम-इंडिकेटर’ मुंबईकराने मोबाइलवर बाळगले, ते ह्याचसाठी. घाईतल्या मनुष्याला माहिती कमी नको असते. ती शोधावी लागू नये, एवढेच हवे असते.

आमच्या भागात केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे निवृत्तिवेतनधारकांशी माझा परिचय बराच. त्यांपैकी एका गृहस्थांच्या मोबाइलवर एका बँकेचे ॲप आहे. उघडताच शिल्लक रक्कम ठसठशीत दिसते. खाली एक हसतमुख कुटुंब कर्ज घेण्याचे आमंत्रण देते. खात्यातून कापलेली शुल्के तीन पडदे आत. ह्या गृहस्थांनी सरकारी हिशेबतपासनिसाचे काम आयुष्यभर केले. आकड्यांना ते भिणारे नव्हेत. तरी आपल्याकडून शुल्क घेतले जाते हे त्यांना वर्षभर कळले नाही. तो पडदा सोपा होता, पण कोणाच्या सोयीने? अर्थात दाटीही तितकीच लबाड होऊ शकते. करारपत्राच्या पाठीमागील बारीक टाइपातल्या अटी कोणी वाचू नयेत म्हणूनच तशा छापतात, असा माझा जुना संशय आहे. तेव्हा पान भरलेले की मोकळे, एवढ्यावरून मांडणाऱ्याची नियत ठरत नाही. निवडण्याचे व लावण्याचे कष्ट त्याने स्वतः सोसले की वाचणाऱ्यावर लोटले, हे पाहावे लागते.

जाता जाता देवनागरीविषयी एक तक्रार. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळींत आपले वरचे रफार व खालचे उकार एकमेकांवर आदळतात, आणि मग मराठी पडदा गिचमिड दिसतो असे म्हणतात. तेथे मजकूर अधिक झालेला नसतो. ओळींमध्ये जागा सोडलेली नसते.

ते गृहस्थ आता दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक छापून आणतात. त्याच्या पानावर तसूभर जागा मोकळी नसते. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक, अशा रकान्यांवरून बोट फिरवीत ते खिडकीशी वाचीत बसतात, आणि शुल्काची ओळ आली की समासात पेन्सिलीने खूण करतात.