स्मृति गेलेल्या मातेचें दान

आमच्या पिंपळनेरच्या मंडळींतील एका गृहस्थानें मध्यंतरीं मला एक प्रश्न विचारला. त्याची आई ऐंशीच्या पुढें गेली आहे. ती सकाळीं भाकर खाते आणि घटकाभरानें मला कोणीं जेवूं घातलें नाहीं म्हणून शेजारीं सांगते. पुत्रास आपला मयत भाऊ समजते. दिवस मावळला कीं माहेरीं जावयास निघते. कोणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हंसतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात. तो म्हणाला, “पाळकसाहेब, माझी मुलगी दवाखान्याचें शिक्षण घेते. ती सांगते कीं, अशा माणसांचें रक्त, मेंदूचीं चित्रें आणि त्यांनीं दिलेलीं उत्तरें विद्वान लोक गोळा करितात व देशोदेशीं एकमेकांस देऊन रोगाचा शोध करितात. उद्यां कोणीं मायचें असें कांहीं मागितलें, तर होय म्हणण्याचा मला अधिकार आहे काय?”

मीं तत्काळ “नाहीं” म्हटलें. परंतु घरीं आल्यावर तें उत्तर उतावळेपणाचें वाटूं लागलें. त्यानंतर मनांत जो विचार आला तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हें समजून घेऊं कीं, हा म्हातारचळ नव्हे. हा मेंदूचा रोग आहे. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील इस्पितळांत एक बाई आली. तिचें वय एकावन्न होतें, आणि तिला स्वतःचें नांवही नीट लिहितां येईना. आलोइस अल्झायमर नांवाच्या डॉक्टरानें तिचीं उत्तरें काळजीपूर्वक टिपून ठेविलीं, तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, आणि १९०६ सालीं ती हकीकत वैद्यांच्या सभेपुढें मांडली. ह्याप्रमाणें एका दुःखी स्त्रीच्या टिपणांवरून जगास ह्या रोगाची ओळख झाली. हीं टिपणें पेटींतच राहिलीं असतीं तर?

पुढें असें दिसून आलें कीं, विसर पडूं लागण्याच्या पंधरावीस वर्षें आधींच हा रोग मेंदूंत शिरलेला असतो. म्हणून एका वैद्यानें दहा रोगी पाहून त्याचा उलगडा होत नाहीं. हजारों माणसांस वर्षानुवर्षें तपासावें लागतें, आणि एकानें टिपलेलें दुसऱ्यास पहावयास द्यावें लागतें. अमेरिकेंत २००४ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या शोधकार्यानें आपल्या नोंदी सर्व देशांतील अभ्यासकांस खुल्या केल्या. आपल्या देशांतही मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें वृद्धांची मोठी पाहणी हातीं घेतली. तिला जोडून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें व परदेशीय विद्वानांनीं २०१७ ते २०२० ह्या काळांत साठ वर्षांवरील ४,०९६ जणांची स्मृति तपासली. शंभरांत सातांहून कांहीं अधिक, म्हणजे देशांत सुमारें ८८ लक्ष वृद्ध स्मृतिभ्रंशानें पीडित असावे, असा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षां स्त्रियांत व शहरांपेक्षां खेड्यांत हें दुःख अधिक आढळलें. ह्या नोंदीही, नांवें काढून, अभ्यासकांस दिल्या जातात.

वाचकहो, खेड्यांतील स्त्रिया म्हणजे आपल्याच माता होत. जिनें जन्मभर तारखेनें नव्हे तर बाजाराच्या वारानें दिवस मोजले, जिची भाषा अहिराणी किंवा कोकणी, तिला शहरी प्रश्न घातले तर शहाणी बाईही वेडी ठरेल. आमचीं माणसें त्या भांडारांत नसतील, तर दुसऱ्यांच्या मापानें शिवलेला अंगरखा आम्हांस घालावा लागेल.

तथापि माझ्या “नाहीं” म्हणण्यास अगदींच आधार नव्हता असें नाहीं. दावीद राजानें लोकांची गणती केली ती आपल्या बळाच्या अभिमानासाठीं, आणि मरी आली ती मोजलेल्या लोकांवर. मोजणारा चुकतो आणि मोजलेला भोगतो, ही भीति आजही खोटी नाहीं. नांव काढलें तरी लहान गांवांत वय, जात आणि वस्ती एवढ्यावरून माणूस ओळखूं येतो. आणि घराण्यांत असा रोग आहे म्हटल्यावर नातीचें लग्न अडतें. परंतु अरण्यांत मोशेनें देवाच्या आज्ञेनेंच गणती केली होती. म्हणून गणती हें पाप नव्हे. ती कोणासाठीं केली व तिचा कारभार कोणीं कसा राखला, हें पाहिलें पाहिजे. रुपये जमिनींत पुरणारा चाकर दोषी ठरला. पण धन्याचे रुपये उधळणारा कारभारीही दोषीच ठरतो.

तर मग पुत्राचा अधिकार कोणता? माझ्या मतें, आईची स्मृति गेली म्हणून तिचें शरीर व तिची हकीकत पुत्राच्या मालकीची होत नाहीं. तो मालक नव्हे, राखणदार आहे. स्वतःस काय वाटतें ह्यापेक्षां, ती शुद्धीवर असतां काय म्हणाली असती, हें त्यानें आधीं पहावें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०१७ चे नियमही असें सांगतात कीं, ज्यास संमति देतां येत नाहीं त्याच्या वतीनें योग्य नातलगानें ती द्यावी, तरी रोग्याची स्वतःची इच्छा विचारांत घ्यावी. म्हणून तिच्या जवळ बसून तिच्याच बोलींत विचारावें. ती उद्यां विसरेल. पण आज तिनें हात मागें घेतला, तर तो हात नकार देत आहे असें समजून थांबावें. पाहुणे विद्वान असोत कीं सरकारी, त्यांसही विचारावें: नांव कोण राखील? माहिती कोणास मिळेल? शोधाचें फळ आमच्या गांवीं परत येईल काय?

अमेरिकेंतील ६७८ रोमन कॅथलिक जोगिणींनीं आपली स्मृति दर वर्षीं तपासूं दिली आणि मरणानंतर मेंदू शोधासाठीं देण्याचें कबूल केलें. मत वेगळें असलें तरी ह्या गोष्टींत त्या आम्हांस धडा देतात: त्यांनीं बुद्धि जागी असतांच आपला निर्णय सांगून ठेविला. आपणही आज आपल्या मुलांस बसवून तसें सांगावें. मग त्यांस आपल्या वतीनें अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं.

मीं त्या गृहस्थाकडे पुनः जाऊन एवढेंच म्हटलें: “बाबा, तुझी माय पूर्वीं मागणाऱ्यास रिकाम्या हातीं पाठवीत नसे, हें सर्व गांवास ठाऊक आहे. तिला विचार. ती मान्य करील तर दे; ती दचकेल तर देऊं नको.” ह्या रोगास समूळ बरें करणारें औषध अद्याप नाहीं, आणि ह्या दानानें तिची स्मृति परत येणार नाहीं, हेंही मीं त्यास सांगितलें. परंतु मंदिराच्या पेटींत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेसही त्यांचें फळ परत मिळावयाचें नव्हतें.

आई लेंकरास विसरेल, पण देव आपल्या लोकांस विसरणार नाहीं, असें यशया संदेष्ट्यानें सांगितलें आहे. आमच्या घरीं तें पहिलें वचन डोळ्यांदेखत खरें झालें, तर दुसऱ्याचे साक्षी आम्हीं व्हावें. जी आम्हांस विसरली तिला न विसरणें, तिची लाज राखणें, आणि तिच्याजवळ देण्यासारखें अजून कांहीं उरलें आहे असें मानणें, हा मातापित्यांच्या सन्मानाचाच एक भाग आहे.