दोन दांड्या आणि एक उतार



अमेरिकेत जुन्या अवजड ट्रकांचे मेळावे भरतात. तिथे मॅक कंपनीचा १९५३ ते १९६६ या काळातला ‘बी’ मालिकेचा ट्रक दिसला, तर केबिनमध्ये जरूर डोकावा. काहींत गिअरच्या दोन दांड्या दिसतील. ‘ट्रिप्लेक्स’ प्रकारात एका दांडीचे पाच गिअर आणि दुसरीचे तीन. पाच त्रिक पंधरा!

हा ट्रक शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो जबरदस्ती न करण्याचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून मगच पुढचा गिअर. घाई केली की दात करकरतात. काही ठिकाणी तर दोन्ही दांड्या एकाच वेळी हलवाव्या लागतात.

दुसरा धडा उताराचा. भर उतारावर गिअर बदलताना दोन्ही दांड्या न्यूट्रलमध्ये अडकल्या, तर इंजिनाची पकड सुटते. सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. म्हणून गिअर उतार लागण्याआधीच निवडायचा असतो.

आपल्या जीवनातही दोन दांड्या आहेत: प्रज्ञा आणि शील. दीघनिकायातील सोणदण्ड सुत्तात सांगितले आहे की हाताने हात धुवावा, तशी ही दोन्ही एकमेकांना शुद्ध करतात. बाबासाहेबांनीही नुसत्या प्रज्ञेवर समाधान मानले नाही. तिला शीलाची जोड हवीच, असे बजावले.

परदेशात आपण शिकलो, मोठ्या पदांवर पोहोचलो. ही एक दांडी झाली. पण शुक्रवारी संध्याकाळी सहकारी ग्लास पुढे करतात, तेव्हा पाचव्या शीलाचा विचार सुरू करणे म्हणजे उतारावर गिअर शोधणे. उलट, मुलांकडून पंचशील पाठ करून घेतले पण अर्थ सांगितला नाही, तर दुसरी दांडी एकटीच हलली.

पंचशील आपण ग्रहण करतो ते मोह समोर येण्याआधी. तेच त्याचे बळ आहे. म्हणून या आठवड्यात घरात सर्वांनी मिळून पंचशील घ्या, एकेका शीलाचा अर्थ मुलांशी बोला. आणि तुमचा उतार कुठे आहे ते ओळखून, तिथे काय म्हणायचे ते आजच ठरवा. “मला पाणी चालेल,” एवढे तीन शब्दही पुरतात.

भवतु सब्ब मंगलं.